खाली समुद्र आहे

“आज मीठ बरोबर पडलं,” सुगत म्हणाला आणि पुढचा घास घेतला. ते त्यानं सहज म्हटलं, वर्तमानपत्रातून मान वर न करता, आणि ताटाशेजारची मिठाची वाटी आज भरलेली तशीच राहिली. संध्या पोळीला तेल लावत होती. तिचा हात थांबला. लग्न होऊन राजापेठेतल्या या घरात ती आली तेव्हापासून ही वाटी त्याच्या ताटाशेजारी असायची. सुरुवातीला तो विचारायचा, तुमच्याकडे मीठ महाग आहे का. पुढं चेष्टा संपली, वाटी राहिली. मीठ महाग नव्हतं. ती वाढली ते गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यातच वरणाचं निम्मं मीठ असायचं आणि उरलेलं निम्मं आई चिमटीनं टाकायची. ती चिमूट संध्याच्या बोटांत बसली होती. अमरावतीला नळाला गोडं पाणी येतं हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं हा तर तिचा व्यवसायच होता, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. तरी बोटांना ते इतकी वर्षं कळलं नव्हतं. आणि आज, तिला न विचारता, बोटं इकडची होऊन गेली होती.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. डबा भरून ठेवलेला होता, झाकण लावलेला, पिशवीत. दर रविवारी ती अकोल्याला मायाकडे डबा नेते. माया तिची मोठी बहीण. दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा तिचं रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागतं. तिला मीठ चालत नाही आणि भाजीतले क्षारही चालत नाहीत, म्हणून दोडक्याची भाजी उकळून पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी, मग मायाच्या वाटणीची भाजी आधी बाजूला काढायची आणि मगच कढईत मीठ घालायचं. हा क्रम तिच्याकडून कधी चुकला नव्हता. आज तिनं आधी मीठ घातलं होतं आणि मग डबा भरला होता. पुन्हा भाजी करायला वेळ होता. दोडकेही होते. पण तिला कंटाळा आला. इतकंच. तिनं पिशवी उचलली, सुगतला म्हणाली, मी उद्या थेट तिकडून ऑफिसला जाईन बहुतेक, आणि जिना उतरली. खाली शिकवणीच्या वर्गांबाहेर मुलांच्या सायकली आणि गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढताना तिला वाटलं, आपण डबा मुद्दाम नेतोय का. मुद्दाम नाही. पण चुकूनही नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बडनेरा गेलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. तूर निघून गेली होती, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या आणि मोकळ्या वावरांना भेगा पडायला लागल्या होत्या. संध्यानं डोकं काचेला टेकवलं. गेल्या आठवड्यात तिचे सगळे रिपोर्ट आले. रक्तगट जुळतो, पेशी जुळतात, किडन्या दोन्ही चांगल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, बहिणींत इतकं जुळणं म्हणजे नशीबच. मायाच्या नवऱ्याचं, प्रीतम भाऊजींचं, जुळलं नव्हतं. आईचं वय झालेलं. तेव्हापासून सगळ्यांना माहीत होतं की किडनी देऊ शकेल अशी एकटी संध्याच, आणि कोणी काही बोललं नव्हतं. सुगत एकदा म्हणाला, तू ठरव, मी आहे. आणि त्या रात्रीपासून तो जरा जास्त हळू बोलायला लागला, जणू घरात कोणी आजारी आहे. आई मायाकडेच राहायची, तिचा रोज फोन येत होता. आई गॅसचं सांगायची, शेजारणीच्या सुनेचं सांगायची, मायाचं वजन सांगायची. विचारत नव्हती. मायाचाही फोन येत होता. ती शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायची, कारण ती अजूनही डायलिसिसचे दिवस सोडून शाळेत जात होती, आणि शेवटी म्हणायची, ठेवतो मंग. संध्या वाट पाहत होती. कोणीतरी एकदा विचारावं. विचारलं तर हो म्हणता येईल, किंवा नाही म्हणता येईल. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कुठून द्यायचं, हे तिला कधी कळलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या आत एक लहानसं ‘नाही’ होतं. ते भीतीचं नव्हतं. शस्त्रक्रियेची तिला भीती वाटत नव्हती, आकडेवारी तिनं वाचली होती. ते थकव्याचं होतं. आता हेही का, असं म्हणणारं. ती त्याच्याकडे बघायची तेव्हा ते लाजेनं मागं सरायचं, आणि बघायची थांबली की परत जागेवर यायचं.

विचारायचं नाही, मागायचं नाही, हे त्यांच्या घराचं फार जुनं होतं. गावात नाल्याकाठी एकच गोडी विहीर होती आणि ती त्यांची नव्हती. आजोबांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या बाया तिथं घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, कोणी वरून ओतलं तर मिळायचं. छप्पन साली आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, या घरात आजपासून कोणी पाणी मागणार नाही. त्यांनी आणि भावांनी अंगणामागं विहीर खणली. पाणी लागलं, भरपूर लागलं, आणि खारं लागलं. आजोबांनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि म्हणाले, आपलं हाये. मग सगळे तेच प्याले. पुढं गोडं पाणी आई नदीच्या पात्रातल्या झिऱ्यावरून आणायची, वाळूत खड्डा करून, वाटीवाटीनं झिरपेल तसं भरून. पण ते पाहुण्यांसाठी आणि आजारी माणसासाठी. पाहुणा आला की काही न बोलता त्याच्यासमोर तांब्या ठेवायचा. पाहुणाही मागायचा नाही, आणि तांब्या कधी रिकामा करायचा नाही. निम्मं प्यायचं, निम्मं ठेवायचं, कारण ते कुठून येतं हे त्यालाही ठाऊक असायचं. पोरी विहिरीचंच प्यायच्या. ते पाणी आणि मायाच्या किडन्या यांच्यात संध्यानं रेघ ओढली नव्हती. भाऊजी ओढायचे, गावातले लोक ओढायचे. दोघी तेच पाणी प्याल्या होत्या आणि एकीच्या किडन्या डॉक्टरांनी चांगल्या म्हटल्या होत्या. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. पण प्रयोगशाळेत एखाद्या गावाचा नमुना आला, पिवळ्या द्रावणात थेंबथेंब सोडताना विटकरी रंग यायला उशीर लागला, म्हणजे मीठ खूप आहे असं कळलं, की ती त्या गावाचं नाव दोनदा वाचायची.

बाबा म्हणायचे, खाली समुद्र हाये. शुभवार्ता सांगावी तसं सांगायचे, काळ्या जमिनीवर पाय आपटून: कोण्या काळी इथं समुद्र होता, तो मातीखाली जाऊन झोपला, त्याच्यावर आपण राहतो, बेटावर राहिल्यासारखं. दोघी बहिणींनी समुद्र पाहिला नव्हता. तरी बाबांनी हे पहिल्यांदा सांगितलं त्या रात्रीपासून ते बेट मायाचं झालं आणि मायानं त्यावर मैना राहायला आणली. मैना लहान होती आणि लाजाळू होती, इतकी की बेटाला होडी लागली की ती दारामागं जाऊन उभी राहायची आणि फटीतून पाहायची. होड्या लाल रंगाच्या होत्या आणि कंडक्टर दोरी ओढून घंटी वाजवायचा, कारण दूरच्या गावाला नेणारी दुसरी कोणती वस्तू मायाला माहीत नव्हती. मैनाचे बाबा जाळी विणायचे, खाटेची सुतळी विणावी तशी. आई समुद्राच्या वाऱ्यात कुरडया वाळवायची. एक आत्या होती, ती समुद्राशी भांडली होती आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची, जेवायलासुद्धा तशीच. घरातले सगळे एकाच ताटात जेवायचे आणि म्हैस गुडघाभर समुद्रात उभी राहायची. आणि मैनाकडे एक विद्या होती. ती ज्या पाण्याशी बोलेल ते पाणी गोड व्हायचं. पण तिला बोलायची लाज. म्हणून ती पहाटे उठून, कोणी नसताना, कोपऱ्यातल्या एका माठाशी दोन शब्द कुजबुजायची, आणि तेवढ्या एका माठावर घर चालायचं. ही गोष्ट आजूबाजूच्या बेटांवर गेली. एके दिवशी सगळ्या होड्या आल्या. माणसं किनाऱ्यावर उभी राहिली, रिकाम्या घागरी घेऊन, आणि कोणी मागितलं नाही, कारण त्या बेटावरही मागायची रीत नव्हती. बाबांनी जाळं खाली ठेवलं. आत्यानं पहिल्यांदा समुद्राकडे तोंड केलं. मैना दारामागून निघाली, उंबरा ओलांडला, पाण्यापर्यंत गेली, आणि तोंड उघडलं. “मंग मैना...” माया म्हणायची आणि थांबायची. अंधारात नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. संध्या वाट बघत झोपून जायची. दुसऱ्या रात्री गोष्ट पुन्हा होड्यांपासून सुरू व्हायची.

मैना म्हणजे आपणच, हे संध्याला तेव्हाही समजत होतं. शाळेत तिचं नाव विचारलं तर माया पुढच्या वर्गातून येऊन सांगायची. दुकानात माया बोलायची. बारावीनंतर अमरावतीला रसायन घ्यायचं आहे हे बाबांना मायानंच सांगितलं, आणि पाहायला आलेल्या सुगतच्या आईनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तिनंच दिली. “तिले बोलता येते जी,” माया तेव्हा म्हणाली होती, “पण ती मोजून बोलते, रसायनवाली हाये.” सगळे हसले होते. संध्यालाही हसू आलं होतं आणि त्याच वेळी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, भरलेल्या पिशवीचा बंद दुसऱ्यानं धरावा तसं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा तिच्या मनात हे सरळ, एखाद्या समीकरणासारखं आलं: या वेळी जे वाक्य बोलायचं आहे ते जगात एकटी माया आपल्या वतीनं बोलू शकत नाही. या विचारानं तिला हुरूप आला नाही. उलट ती आणखी दमली. तिनं पिशवीवरून हात फिरवला, डबा अजून कोमट होता.

अकोल्याच्या स्टँडवर भाऊजी स्कूटर घेऊन आले होते. वाटेत ते रस्त्याच्या खोदकामाबद्दल बोलत राहिले, कोणत्या चौकात किती दिवसांपासून खड्डा आहे, ठेकेदार कोणाचा मेहुणा आहे. वळणावर त्यांनी गाडी फार जपून घेतली. पूर्वी ते अशी घेत नसत. संध्याला जाणवलं की ते आपल्याला काचेच्या वस्तूसारखं नेत आहेत, आणि त्यांना हे कळत नाहीये, आणि कळलं तर त्यांना फार लाज वाटेल. घराच्या फाटकापाशी तिला सोडून ते म्हणाले, मी औषधं घेऊन येतो, तुमी बसा बहिणी-बहिणी. आणि लगेच निघून गेले.

माया पलंगावर उशीला टेकून वह्या तपासत होती. चेहरा थोडा सुजलेला, रंग मातकट, आणि डाव्या हातावर, जिथं सुया जातात तिथं, शीर दोरीसारखी वर आलेली. पलंगाजवळच्या खिडकीत तिची पाण्याची बाटली होती. दिवसभराचं सगळं पाणी त्या एका बाटलीत. बाटली निम्म्याच्या खाली आली होती आणि अजून दुपार व्हायची होती. “आली का,” माया म्हणाली. “जागा भेटली बसाले?” आई आतून आली. ती आता वाकून चालायची, पण हातात तांब्या धरला की हात सरळ व्हायचा. तिनं तो संध्यासमोर स्टुलावर ठेवला आणि काही न बोलता समोरच्या खुर्चीवर बसली. या घरात नळ होता, गाळणीचं यंत्र होतं, पाण्याला तोटा नव्हता. तरी तांब्या आला. संध्या निम्मं पाणी प्याली आणि निम्मं तिनं ठेवलं. तिनं मान वर केली तेव्हा माया तांब्याकडे पाहत होती. माणसाकडे पाहावं तसं. मग तिनं नजर वहीत घातली आणि एका पोराच्या उत्तरावर बरोबरची खूण केली.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. आईनं शेजारणीच्या सुनेचं सांगितलं. मायानं एका पोराचं सांगितलं, त्यानं निबंधात लिहिलं होतं की आमच्या बाई सोमवारी आणि गुरुवारी रक्ताची आंघोळ करतात. माया यावर खूप हसली, हसताना तिला धाप लागली. संध्या हसली आणि बोलायला तोंड उघडलं आणि तिला फक्त ‘जेवून घे’ एवढंच बोलता आलं. आईनं डबा उघडून ताटात वाढला. संध्या पाहत राहिली. सांगायला हवं होतं, आत्ता, घास उचलायच्या आधी. मायानं घास घेतला आणि तिचा जबडा थांबला.

“मीठ हाये याच्यात,” ती म्हणाली.

आई उठली, ताट ओढून घ्यायला. मायानं ताटावर हात ठेवला. राहू दे, एकच घास, असं ती हातानंच म्हणाली, आणि तो घास तोंडात तसाच धरून बसली, न चावता, डोळे मिटून. तिच्या चेहऱ्यावरचे सगळे बारीक स्नायू त्या एका जागेकडे गेले होते. मग तिनं गिळला. “बरोबर पडलं,” ती म्हणाली. तिनं ताट स्वतःच दूर सारलं, आणि आईनं ते उचलून आत नेलं. आत भांड्याचा आवाज झाला. आई बिनमिठाचं काहीतरी पुन्हा करायला लागली होती. माफी मागावी असं संध्याला वाटलं नाही. तिला वाटलं, आपण इतक्या दुरून नेमकं हेच आणलं होतं, आणि हे पुरणार नाही.

“ताई,” ती म्हणाली, “मैनाचं पुढं काय झालं?”

“कोण मैना?” मायानं विचारलं, आणि मग तिच्या सुजलेल्या चेहऱ्यात जुना चेहरा थोडा वेळ दिसला. “आत्या अजून आठवते मले. पाठ करून बसणारी.”

“तू पुढचं सांगतच नव्हती. रोज तिथंच थांबायची.”

“मी कुठी थांबत होती,” माया म्हणाली. “मी तुले जागा देऊन राहिली होती. मैना काय बोलली ते तूच सांगायचं होतं ना. मले कसं मालूम असन? मी काय मैना हाव?” तिनं वही बंद केली. “मी आपली म्हणायची, मंग मैना, आणि वाट पाहायची. तू झोपून जायची.”

खिडकीतल्या बाटलीवर ऊन आलं होतं आणि भिंतीवर त्याचा एक पाणीदार, हलता डाग पडला होता. संध्या त्याच्याकडे पाहत होती. प्रयोगशाळेत शेवटचे थेंब सोडताना असंच होतं. रंग येतो, चंबू हलवला की जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. घाई करून चालत नाही, आणि थांबूनही काही होत नाही, थेंब सोडावाच लागतो. मग एक थेंब असा पडतो की रंग जात नाही. तो थेंब आधीच्या थेंबांपेक्षा मोठा नसतो. ती आत पाहत होती. लहानसं ‘नाही’ तिथंच होतं, या वेळी ते मागं सरलं नाही, आणि तिनंही त्याला सरायला सांगितलं नाही. किनाऱ्यावर माणसं घागरी घेऊन उभी होती, आणि कोणी मागत नव्हतं, आणि कोणी कधीच मागणार नव्हतं. आजोबांनी विहीर खणली होती ती यासाठीच.

“उद्या मी तुह्यासंग दवाखान्यात येतो,” संध्या म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, आणि गावाकडचा. “डॉक्टरले सांगतो. मी देतो म्हणून.”

माया तिच्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या हातावरच्या फुगलेल्या शिरेवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून बसली होती, आतली थरथर मोजत असल्यासारखी. आत आईच्या कढईचा आवाज थांबला होता.

“तुले कोणी म्हटलं?” माया म्हणाली.

“कोणी नाही.”

“आईनं म्हटलं? यायनं?” यायनं म्हणजे भाऊजींनी.

“कोणीच नाही म्हटलं, ताई.”

मायानं मान हलवली, वर्गात एखाद्या पोराचं उत्तर तपासून झाल्यावर हलवावी तशी. “मंग ठीक,” ती म्हणाली.

यापुढं प्रत्यारोपणाला परवानगी देणारी कमिटी होती, सह्या होत्या, नागपूरच्या फेऱ्या होत्या, सुगतचा हळू झालेला आवाज होता. ते सगळं संध्याला एकदम, रांगेनं दिसलं आणि खूप झोप आली. काही उजळलं नव्हतं. तिला फक्त पाठ टेकायची होती. तिनं पलंगाच्या कडेला डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं, मायाच्या गुडघ्याजवळ. डोळे मिटता मिटता तिनं पाहिलं, मायानं हात लांब करून स्टुलावरचा तांब्या उचलला, त्यातलं संध्यानं ठेवलेलं पाणी आपल्या बाटलीत न ओतता, न मोजता, तोंडाला लावलं. एक घोट प्याली. मग तांब्या परत जागेवर ठेवला. त्यात अजून थोडं पाणी होतं.